सी३६बी११ अँटिबॉडी: फळमाशीच्या क्रोमॅटिनवर किती भरवशाची?

सेल सिग्नलिंग टेक्नॉलॉजी, कॅटलॉग क्रमांक ९७३३, क्लोन सी३६बी११, १०० मायक्रोलिटरची कुपी. सशाची मोनोक्लोनल अँटिबॉडी. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेलं असतं (दोन्ही मिळून क्रोमॅटिन), त्यांतल्या एच३ च्या २७ क्रमांकाच्या लायसीन या अमिनो आम्लावर तीन मिथाइल बसलेले असतील (ट्रायमिथाइल खूण) तरच ती चिकटते, असा कंपनीचा दावा. माणसाच्या नि उंदराच्या पेशींवर काम करणाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ही कुपी हमखास सापडते. हे परीक्षण मात्र माशीवाल्यांसाठी आहे. पॉलिकोम्ब प्रथिनं हॉक्स जनुकं (शरीराचा कुठला खंड काय होणार ते ठरवणारी) कशी गप्प ठेवतात ते डिस्कमध्ये (अळीतल्या, पुढे पंख-पाय होणाऱ्या पेशींच्या चकत्यांत) किंवा एस२ पेशींत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माशीच्या पेशींत) बघायचं असेल तर ही घ्यावी का, घेतली तर पुरवावी कशी, आणि तिच्या कुठल्या साक्षीवर विसंबू नये, एवढंच इथे सांगायचं आहे.

निकाल आधी सांगतो. कट अँड टॅगसाठी (अँटिबॉडी बसली तिथलाच डीएनए कापून वाचायची पद्धत) डोळे मिटून घ्या. डिस्क रंगवायला उत्तम. फॉर्मल्डिहाइडवाल्या चिपला (क्रोमॅटिनचे तुकडे करून अँटिबॉडीने खुणेचे तुकडे वेचायची पद्धत) चांगली, पण माहितीपत्रकातलं प्रमाण जसंच्या तसं उचललंत तर कुपी दहा वेळांत संपेल आणि तेवढी गरजही नसते. वेस्टर्नला (जेलवर प्रथिनाची पट्टी बघायला) चालते. ‘जनुक गप्प आहे का’ या प्रश्नाचं उत्तर मात्र ती एकटी देऊ शकत नाही, आणि बहुतेक लोक नेमकं तेच तिच्याकडून वदवून घ्यायला जातात.

थोडी पार्श्वभूमी. नर माशीच्या पुढच्या पायांवर जाड काळ्या केसांची कंगव्यासारखी एक रांग असते, सेक्स कोम्ब. १९४७ साली पॅमेला लुइस यांनी नोंदवलेल्या म्यूटंटमध्ये मधल्या आणि मागच्या पायांवरही असे कंगवे उगवले होते, म्हणून नाव पॉलिकोम्ब. पाय बिघडलेला नसतो, पायाला आपण कुठल्या खंडातले याचा विसर पडलेला असतो. पुढच्या पायाचं जनुक मागच्या पायात गप्प राहायला हवं होतं, ते राहिलं नाही. गप्प ठेवण्याचं हे काम दोन मोठे प्रथिनसंच वाटून घेतात. पीआरसी२ मध्ये ई-झेड, एसयू-झेड-१२, ईएससी आणि सीएएफ१-५५ असतात. त्यातलं ई-झेड हे एन्झाइम एच३ च्या २७ व्या लायसीनवर मिथाइल चढवतं. पीआरसी१ मध्ये पीसी (खुद्द पॉलिकोम्ब), पीएच, पीएससी आणि एससीई असतात. त्यातल्या पीसीचा क्रोमोडोमेन हा भाग ही ट्रायमिथाइल खूण धरतो. या दोघांना जागा दाखवणारे डीएनएचे तुकडे म्हणजे पीआरई, आणि तिथे थेट डीएनएला धरून बसणाऱ्यांत पीएचओ हे प्रथिन येतं. यूबीएक्स, एबीडी-ए आणि एबीडी-बी ही तीन जनुकं असलेलं बायथोरॅक्स संकुल सुमारे ३०० किलोबेसचं आहे. पंखाच्या डिस्कमध्ये ते जवळजवळ सगळं या खुणेखाली झाकलेलं असतं. हॉल्टिअरच्या (मागच्या पंखांच्या जागी असलेल्या छोट्या गोळ्यांच्या) डिस्कमध्ये यूबीएक्सचा भाग उघडा असतो.

सी३६बी११ दाखवते ती ही खूण. झाकण कुठे आहे ते तिला कळतं. डब्याला कुलूप लागलंय का, ते कळत नाही.

आता या खुणेसाठी चांगली अँटिबॉडी मिळणं अवघड का आहे, इथे थोडं थांबू. पहिली अडचण शेजाऱ्यांची. ९ व्या लायसीनच्या भोवती अ‍ॅलॅनिन, आर्जिनिन, लायसीन, सेरीन अशी ओळ असते आणि २७ व्या लायसीनच्या भोवतीही नेमकी तीच. ९ व्या जागेची ट्रायमिथाइल खूण हेटरोक्रोमॅटिनवर (कायम घट्ट गुंडाळलेल्या भागावर) दाट असते. अँटिबॉडी जरा सैल असली की पॉलिकोम्बच्या नावाखाली तुम्ही एचपी१ चा, म्हणजे हेटरोक्रोमॅटिनच्या प्रथिनाचा, इलाका मोजत बसता. तपासायची सोपी जागा म्हणजे लाळग्रंथीचे पॉलिटीन (अनेक प्रती जुळून जाड झालेले) क्रोमोसोम. तिथे क्रोमोसेंटर (सगळ्या क्रोमोसोमचं हेटरोक्रोमॅटिन एकत्र आलेला गोळा) सगळ्यांत जास्त उजळला तर ती कुपी बाजूला ठेवा. भुजांवर मोजक्या पट्ट्या ठसठशीत दिसल्या तर पुढे जा.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे: तोच लायसीन, पण दोनच मिथाइल. ई-झेड ट्रायमिथाइल करतं तसं डायमिथाइलही तेच करतं, आणि डायमिथाइल जीनोमभर पसरलेलं असतं. ढोबळ हिशेब करू. शंभर एच३ पैकी ७ वर ट्रायमिथाइल आणि ६० वर डायमिथाइल धरा. अँटिबॉडीने डायमिथाइलला फक्त ५ टक्के दाद दिली, तरी ६० चे ५ टक्के म्हणजे ३. खरा सिग्नल ७, खोटा ३. दहातले तीन भाग पाणी. आणि हे पाणी एका जागी साचत नाही, सगळ्या गप्प जनुकांवर पातळ थरासारखं पसरतं. आलेखात तळ उचलल्यासारखा दिसतो आणि लोक त्याला ‘बॅकग्राउंड’ म्हणून वजा करून टाकतात.

यातला खरा सापळा कंट्रोलमध्ये आहे. ई-झेड काढून टाकलं की सिग्नल जातो, म्हणून अँटिबॉडी खरी, असं सर्रास लिहिलं जातं. पण ई-झेड गेलं की डायमिथाइलही जातं! म्हणजे ई-झेड म्यूटंट ९ व्या लायसीनची भेसळ पकडतो, डायमिथाइलची पकडूच शकत नाही. त्यासाठी बारकोड लावलेले कृत्रिम न्यूक्लिओसोम लागतात. एपिसायफरचं के-मेटस्टॅट पॅनेल यासाठी नीट बसतं: एच३ चे ४, ९, २७, ३६ आणि एच४ चा २० हे पाच लायसीन, प्रत्येकी मोनो, डाय, ट्राय, आणि एक कोरा, असे १६ न्यूक्लिओसोम. चिपच्या नमुन्यात थोडेसे घालायचे आणि शेवटी कुठले बारकोड वर आले ते मोजायचं. माहितीपत्रकानुसार सी३६बी११ मोनो आणि डायमिथाइल २७ ला, तसंच ४, ९, ३६ आणि एच४-२० च्या खुणांना धरत नाही. तरीही आपल्या बफरमध्ये, आपल्या मिठाच्या प्रमाणात एकदा तपासून घ्यावं. २०११ मध्ये माशी आणि कृमीच्या जीनोमची नोंद करणाऱ्या मोडएनकोड प्रकल्पाच्या मंडळींनी दोनशेहून जास्त हिस्टोन अँटिबॉडी पारखल्या, तेव्हा पाव भागाहून जास्त नेमकेपणाच्या चाचणीतच गळाल्या, आणि ज्या टिकल्या त्यांतल्या वीस टक्क्यांहून जास्त चिपमध्ये निरुपयोगी ठरल्या. बाजारातल्या लेबलची किंमत एवढीच.

माशीवर ही चालते याचं कारण साधं आहे. २७ व्या लायसीनच्या दोन्ही बाजूंची अमिनो आम्लांची ओळ माणसात आणि माशीत सारखी. त्यामुळे ‘माझ्या प्रजातीला चिकटेल का’ ही काळजी नको. काळजी करायची ती प्रमाणाची.

आधी साठवण. कुपीत ५० टक्के ग्लिसरॉल असतं, उणे २० अंशाला ती गोठत नाही. थेट काढा, टोचा, परत ठेवा. छोट्या भागांत वाटून ठेवू नका असं कंपनीच सांगते, आणि ते बरोबर आहे: ५ मायक्रोलिटरचे भाग केलेत तर काही माल नळीच्या भिंतीला चिकटून जातो. ग्लिसरॉल जाड असतं, म्हणून पिपेट सावकाश ओढायचा आणि टिपच्या बाहेरचा थेंब कुपीच्या कडेला टेकवून काढायचा. नाहीतर १ मायक्रोलिटर म्हणत तुम्ही दीड घेत असता. उणे ८० मध्ये ठेवायची गरज नाही. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीजर टाळा, त्याचं तापमान रोज वरखाली होतं.

वेस्टर्न थोडक्यात. १:१००० पुरतं. पट्टी १७ किलोडाल्टनला. १५ टक्क्यांचं जेल आणि ०.२ मायक्रॉनचा पडदा वापरा, ०.४५ च्या पडद्यातून एच३ आरपार निघून जातो आणि दोष अँटिबॉडीवर येतो. एकूण एच३ ची पट्टी त्याच नमुन्याच्या दुसऱ्या पडद्यावर घ्या, कारण एकाच पडद्यावर धुऊन परत लावलं की दोन्ही एच३ एकाच उंचीवर येतात आणि आधीचा सिग्नल पुरता जात नाही. आख्ख्या अळीचा अर्क घेऊ नका. त्यात लाळग्रंथी, आतडं, चरबी यांच्या बहुगुणित डीएनए असलेल्या पेशींचाच भरणा असतो आणि डिस्कमधला बदल त्यात बुडून जातो.

डिस्क रंगवणं हा या अँटिबॉडीचा सगळ्यांत देखणा उपयोग. तिसऱ्या अवस्थेतली भिंतीवर चढणारी अळी घ्या, मधून तोडून पुढचा भाग मोज्यासारखा उलटा करा, चरबी आणि आतडं काढा, डिस्क कातडीलाच लागून राहू द्या. ४ टक्के फॉर्मल्डिहाइड, खोलीच्या तापमानाला २० मिनिटं. ०.३ टक्के ट्रायटन घातलेल्या पीबीएसमध्ये दहा-दहा मिनिटांच्या तीन धुण्या. बकरीच्या ५ टक्के सीरममध्ये एक तास. मग रात्रभर ४ अंशाला दोन प्राथमिक अँटिबॉडी एकत्र: सी३६बी११ १:५०० आणि यूबीएक्ससाठी आयोवा विद्यापीठातल्या हायब्रिडोमा बँकेची उंदराची एफपी३.३८, सुपरनेटंट (पेशी वाढवलेला द्रव) असेल तर १:२०. दुसऱ्या दिवशी धुण्या, सशाविरुद्ध आणि उंदराविरुद्ध वेगवेगळ्या रंगांच्या दुय्यम अँटिबॉडी १:५००, दोन तास. डॅपी (डीएनएचा रंग). शेवटी डिस्क सुट्या करून स्लाइडवर. सी३६बी११ सशाची आणि एफपी३.३८ उंदराची, म्हणून ही जोडी एकाच नळीत जमते. अ‍ॅबकॅमची ६००२ ही याच खुणेची अँटिबॉडी उंदराची आहे. ती घेतलीत तर ही जोडी मोडते. डिस्कवाल्यांनी सी३६बी११ निवडायला एवढं एक कारणही पुरे.

उलटवलेल्या अळीत पंख, हॉल्टिअर आणि तिसऱ्या पायाची डिस्क जवळजवळ असतात. त्या तिन्ही एकत्रच ठेवा. हॉल्टिअरमध्ये यूबीएक्स चालू असतं, म्हणजे एफपी३.३८ लागली की नाही हे त्याच कातडीवर कळतं. पंखाच्या पाउचमध्ये (डिस्कच्या मधल्या, पुढे पंख होणाऱ्या भागात) यूबीएक्स बंद हवं. इथे नवीन माणूस हमखास फसतो: पंखाच्या डिस्कवर पातळ, मोठ्या केंद्रकांचा जो वरचा पापुद्रा असतो, पेरिपोडियल थर, त्यात यूबीएक्स साध्या निरोगी माशीतही असतं. कॉन्फोकलचे सगळे थर एकावर एक चढवून चित्र काढलं की पाउचवर यूबीएक्सचे ठिपके दिसतात आणि ‘पॉलिकोम्ब सुटलं’ असा जल्लोष होतो. सपाट, विरळ, मोठी केंद्रकं असतील तर तो पापुद्रा. दाटीवाटीने उभ्या पेशी असतील तरच पाउच. थर वेगळे ठेवून बघा, आडवा छेदही काढा.

विभाजनात असलेल्या पेशी या रंगात काळ्या किंवा फिक्या दिसू शकतात. २८ व्या सेरीनवर फॉस्फेट बसलं की शेजारच्या २७ ची खूण अँटिबॉडीला नीट धरता येत नाही. खूण तिथेच असते, झाकली जाते. अशा पेशी सोडून मोजा.

कंट्रोल डिस्कमध्येच बांधून घेणं सगळ्यांत उत्तम. एन्ग्रेल्ड-गाल४ या स्विचने ई-झेडचं आरएनएआय (जनुकाचा आरएनए नष्ट करून ते मंद करणं) मागच्या अर्ध्या भागात चालवा, सोबत गाल४ ला रोखणारा, तापमानावर चालणारा गाल८० ठेवा, म्हणजे भ्रूणावस्थेतच सगळं मरणार नाही. १८ अंशाला वाढवून २९ ला हलवा. एकाच डिस्कचा पुढचा अर्धा उजळ आणि मागचा अर्धा मंद. रंग, धुणं, लेसर, सगळं दोन्ही बाजूंना सारखंच. दोन वेगळ्या स्लाइडच्या तुलनेत जे वाद होतात ते इथे होत नाहीत.

घाई मात्र करू नका. ई-झेड गेलं तरी आधी बसलेली खूण लगेच पुसली जात नाही. मुख्यतः पेशी विभागते तेव्हा जुने न्यूक्लिओसोम दोन मुलींत वाटले जातात आणि खूण अर्ध्यावर येते. चार विभाजनांनी कागदावर सोळावा हिस्सा उरतो. म्हणून म्यूटंट क्लोन (साध्या डिस्कमधला म्यूटंट पेशींचा पुंजका) बनवत असाल तर उष्णतेचा झटका पहिल्या अवस्थेच्या अळीला द्या आणि ९६ तासांनी डिस्क काढा. २५ अंशाला अंड्यापासून भिंतीवर चढेपर्यंत साधारण पाच दिवस मिळतात, त्यामुळे हिशेब जेमतेम बसतो. ४८ तासांत काढलेल्या क्लोनमध्ये सी३६बी११ चा सिग्नल उरलेला असतो आणि माणूस म्हणतो, म्यूटंट खराब आहे. म्यूटंट ठीक असतो, घड्याळ चुकलेलं असतं. लाळग्रंथीसारख्या पेशी तर विभागतच नाहीत. तिथे हा हिशेब लागू करू नका.

आणखी एक गुंता. पॉलिकोम्ब पूर्ण सुटलं की यूबीएक्स एकटं चालू होत नाही, एबीडी-बीसुद्धा होतं, आणि मागच्या खंडाचं जनुक पुढच्याला दाबतं. क्लोनमध्ये यूबीएक्स नाही असं दिसलं म्हणून तिथे दडपण शाबूत आहे असं समजू नका. त्याच बँकेची एबीडी-बीची १ए२ई९ लावून बघा. एफपी६.८७ घेत असाल तर लक्षात ठेवा, ती यूबीएक्स आणि एबीडी-ए दोन्हींना धरते. ‘काही तरी सुटलंय का’ एवढंच हवं असेल तेव्हा तो फायदा, ‘नेमकं काय’ हवं असेल तेव्हा तोटा.

चिपकडे येऊ, कारण पैसे इथे जातात. माहितीपत्रकात १० मायक्रोग्रॅम क्रोमॅटिनला १० मायक्रोलिटर अँटिबॉडी सांगितली आहे. हे माणसाच्या पेशींसाठी ठीक. माशीचा जीनोम सुमारे १८० मेगाबेसचा, माणसाच्या साधारण अठराव्या हिश्शाइतका. माशीच्या एका द्विगुणित पेशीत सुमारे ०.३६ पिकोग्रॅम डीएनए. १० मायक्रोग्रॅम जमवायला जवळजवळ पावणेतीन कोटी पेशी लागतील. पंखाच्या एका डिस्कमध्ये ४० हजार धरल्या तर सातशे डिस्क! कुणी करू नये. १ मायक्रोग्रॅम घ्या, म्हणजे सत्तरेक डिस्क, सांडलवंड धरून शंभर. जीनोमच्या प्रती तेवढ्यानेही माणसाच्या १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्तच भरतात. न्यूक्लिओसोम मात्र डीएनएच्या वजनाच्या प्रमाणातच असतात, म्हणून अँटिबॉडीही त्याच प्रमाणात उतरवा: १ मायक्रोलिटर. १ मायक्रोग्रॅमवर १० मायक्रोलिटर ओतलीत तर जादा अँटिबॉडी दुबळ्या जागाही धरायला लागते आणि तळ उचलतो. जास्त घातलं म्हणजे चांगलं, हा स्वयंपाकातला नियम इथे चालत नाही.

पुढची पायरी सरळ: १.८ टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं, १२५ मिलीमोलर ग्लायसीनने थांबवा, सोनिकेशनने २०० ते ५०० बेसपेअरचे तुकडे. सोनिकेशन झाल्यावर थोडा नमुना उलट-क्रॉसलिंक करून जेलवर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. गप्प क्रोमॅटिन दाट असतं, कमी तुटतं. अर्धवट सोनिकेशनमध्ये नेमका तुमच्या कामाचाच भाग चोथ्यात बसतो आणि फेकला जातो.

प्रायमर निवडताना होणारी चूक इतकी नेहमीची आहे की वेगळी सांगावी लागते. पीआरई म्हणजे पॉलिकोम्बचं घर, तेव्हा खूण तिथेच सगळ्यांत जास्त, असं वाटतं. असतं उलटं. पीआरईच्या गाभ्यात पीएचओसारखी प्रथिनं डीएनएला धरून बसलेली असतात, न्यूक्लिओसोम तिथे विरळ. न्यूक्लिओसोम नाहीत तर हिस्टोन नाही, हिस्टोन नाही तर खूण कुठली? यूबीएक्सच्या प्रवर्तकापासून सुमारे २५ किलोबेस वर असलेल्या बीएक्सडी पीआरईवर सी३६बी११ चा आलेख खळग्यासारखा खाली जातो आणि दोन्ही बाजूंना उंच राहतो. पीसीच्या अँटिबॉडीचा आलेख नेमका त्या खळग्यात टोकदार चढतो. दोन्ही एकावर एक ठेवले की चित्र पटतं. म्हणून सी३६बी११ साठी एक प्रायमर-जोडी पीआरईच्या एक-दोन किलोबेस बाजूला आणि एक यूबीएक्सच्या आतल्या भागात ठेवा. नकारात्मक जागा (खूण नसलेलं चालू जनुक) आरपीएल३२. सगळे आकडे एकूण एच३ च्या चिपने भागा.

स्पाइक-इनची गंमत वेगळीच. खूण सगळीकडेच निम्मी झाली तर नेहमीच्या आलेखात काहीच बदल दिसत नाही, कारण रीड्सची (वाचलेल्या डीएनए-तुकड्यांची) बेरीज आपण सारखी करून टाकतो. म्हणून बाहेरचं क्रोमॅटिन ठरावीक प्रमाणात मिसळतात. बाजारात तयार मिळणारं स्पाइक-इन बहुतेक वेळा फळमाशीचंच असतं. अ‍ॅक्टिव्ह मोटिफचं तर माशीच्या एच२एव्ही या हिस्टोनच्या अँटिबॉडीसोबत येतं. माणसाच्या नमुन्यासाठी झकास, आपल्यासाठी काडीचं उपयोगाचं नाही, समुद्रात मीठ टाकल्यासारखं. माशीवाल्यांनी माणसाच्या किंवा उंदराच्या पेशींचं क्रोमॅटिन मिसळावं. सी३६बी११ त्यालाही तशीच धरते, वेगळी अँटिबॉडी लागत नाही. मिसळताना सोनिकेशनच्या आधी, केंद्रकं मोजून मिसळा. डीएनए मोजून नंतर घातलंत तर सोनिकेशनमधला फरक त्यात पकडला जात नाही.

लाळग्रंथीवर चिप करणार असाल तर आणखी एक खोच: तिथे बायथोरॅक्सचा भाग पूर्ण प्रतींत वाढलेलाच नसतो. इनपुटने (अँटिबॉडी न लावलेल्या नमुन्याने) भागल्याशिवाय आकडा खोटा.

आता कट अँड टॅग. ही पद्धत २०१९ मध्ये हेनिकॉफ यांच्या प्रयोगशाळेतून आली तेव्हापासूनच या खुणेसाठी सी३६बी११ वापरात आहे आणि नव्या माणसाने पहिला हात हिच्यावरच मारावा. दहा-वीस पंख-डिस्कची केंद्रकं, १० मायक्रोलिटर कॉनकॅनाव्हॅलिन मणी, ५० मायक्रोलिटर बफरमध्ये १ मायक्रोलिटर अँटिबॉडी म्हणजे १:५०, रात्रभर ४ अंशाला. सकाळी सशाविरुद्धची गिनीपिगची दुय्यम १:१००, एक तास. मग पीए-टीएन५ (अँटिबॉडीला धरून तिथला डीएनए कापणारं एन्झाइम), ३०० मिलीमोलर मिठात एक तास. मग १० मिलीमोलर मॅग्नेशियम घालून ३७ अंशाला एक तास. पीसीआर १२ ते १४ फेऱ्या. माशीचा जीनोम लहान असल्याने नमुन्यामागे २०–३० लाख रीड-जोड्यांत बायथोरॅक्सचं पठार स्वच्छ दिसतं.

बिघडतं ते दोन जागी. डिजिटोनिन (पेशीच्या पडद्याला भोकं पाडणारं डिटर्जंट) जास्त झालं की केंद्रकं फुटतात, डीएनए बाहेर येतं आणि मणी साबुदाण्याच्या खिचडीसारखे एकमेकांना चिकटतात. मग कितीही हलवा, सुटत नाहीत. ०.०५ टक्क्यापासून सुरू करा आणि नवी बाटली आणली की परत ठरवा. दुसरं, मीठ. ३०० मिलीमोलरच्या धुण्या घाईत कमी केल्या की टीएन५ अँटिबॉडी नसलेल्या उघड्या क्रोमॅटिनवरही बसतो. ओळखायची खूण: गप्प जनुकांच्या खुणेच्या आलेखात अ‍ॅक्टिन५सीसारख्या चालू जनुकांच्या प्रवर्तकावर अणकुचीदार सुळके. ट्रायमिथाइल २७ ची खरी खूण रुंद पठारासारखी असते, सुळक्यासारखी नसते. सुळके दिसले की अँटिबॉडीला बोल लावू नका, धुण्या मोजा.

कुपीचा हिशेब असा पडतो: माहितीपत्रकाप्रमाणे चिप केलीत तर १० प्रयोग, वर सांगितल्याप्रमाणे उतरवलीत तर शंभर, कट अँड टॅग शंभर, डिस्क, २०० मायक्रोलिटरला ०.४ मायक्रोलिटर, म्हणजे अडीचशे नळ्या. महाग वाटणारी कुपी दोन वर्षं पुरते. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत ती येते ती मध्यस्थाकडून, कोरड्या बर्फाच्या किंवा जेल-पाकिटाच्या खोक्यात. खोकं उशिरा पोचून कोमट लागलं तर लगेच फेकू नका. जुन्या कुपीसोबत एकाच वेस्टर्नवर १:१००० आणि १:४००० अशा दोन पट्ट्या घ्या. १:४००० ला दोन्ही सारख्या उजळल्या तर माल शाबूत आहे.

पर्यायांचं पटकन. जुन्या माशीच्या शोधनिबंधांत मिलिपोरची ०७-४४९ पुष्कळ दिसते. ती पॉलिक्लोनल, प्रत्येक लॉट म्हणजे नवं रक्त, म्हणून जुन्या आकड्यांशी तुलना करताना लॉट क्रमांक बघा. नवं काम सुरू करणाऱ्याने मोनोक्लोनल सोडून तिकडे वळायचं कारण नाही.

ही घेऊ नये अशी एक परिस्थिती आहे. प्रश्न पीआरसी१ चा असेल, म्हणजे पीएससी, पीएच किंवा एससीई काढून काय होतं हा, तर सी३६बी११ दिशाभूल करते. त्या म्यूटंटमध्ये ई-झेड शाबूत असतं, एकूण खूण बरीचशी टिकते, डिस्क हिरवीगार उजळलेली दिसते, आणि त्याच पेशींत हॉक्स जनुकं मोकाट सुटलेली असतात. पीएचचे क्लोन तर वेड्यासारखे वाढून गोल गोळे होतात. तिथे पहिला खर्च एफपी३.३८ आणि १ए२ई९ वर करा. सुपरनेटंट स्वस्त पडतो. मग पीसीची अँटिबॉडी. सी३६बी११ ची ऑर्डर त्यानंतर टाकली तरी चालेल.